शोधाची मजुरी

घरच्या घरी इंजिनाचे काम करून गाडी परत जोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या फरशीवर ऑइलचा ठिपका दिसला, की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. ठिपक्याच्या वर जो नट दिसेल तो आवळायचा, जे पॅकिंग दिसेल त्याच्या कडेने सिलिकॉन भरायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर बाजारातून नवे ऑइल सील आणायचे, असा हा ठरलेला क्रम असतो. घरी गाडी खोलणाऱ्या माणसाला हा सगळा क्रम ओळखीचा होतो आणि त्या ओळखीतूनच एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. गळती शोधणे आणि गळती बंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत. शोधण्याचे काम आधीचे, आणि बहुतेक वेळा अवघडही तेच. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. हे गाव ज्यात येते तो वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, त्याला पाव शतक उलटून गेले, तरी जुन्या गाडीचा एखादा अडनिडा भाग लागला की आजही अकोल्याचीच वाट धरावी लागते. इकडच्या अंगणांत अजून मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, बोलेरो उभ्या असतात. टॅपेट सेट करणे, ऑइल आणि फिल्टर बदलणे, एखादा बेल्ट घालणे एवढी कामे लोक हौसेने म्हणा, पैसे वाचवायला म्हणा, घरीच करतात. त्यामुळे दुरुस्तीनंतरची गळती हा इथे सरावाचाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चुकीच्या टोकाकडून शोधण्याची सवयही तितकीच सरावाची आहे.

ठिपका फसवतो, याचे कारण साधे आहे. ऑइल जिथून बाहेर पडते तिथून खाली टपकत नाही. ते इंजिनाच्या अंगावरून वाहत जाते. उभ्या गाडीत ते गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि जिथे पंखा हवा मागे फेकतो तिथे त्याचा फवाराही उडतो. वाटेत एखादी कड, एखादा बोल्ट, एखादा ब्रॅकेट भेटला की त्याच्या टोकावर ऑइल जमते आणि तिथून थेंब पडतो. कौलारू घरात पावसाचे पाणी फुटक्या कौलातून आत येते आणि वाशावरून घरंगळत भलत्याच कोपऱ्यात टपकते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की इंजिनात वासे दिसत नाहीत. याचे सगळ्यात महागडे उदाहरण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथले. त्या सांध्यातून ऑइल टपकायला लागले की निदान तयारच असते: क्रँकचे मागचे सील गेले. ते बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे पूर्ण दिवसाचे काम. पण जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्याच बाजूला बसतो. त्याच्या मुळाशी असलेली रबरी रिंग कडक झाली किंवा टॅपेट कव्हरचे पॅकिंग त्या कोपऱ्यात दबले नाही, तर तिथून निघालेले ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरून नेमके त्याच सांध्यावर येऊन टपकते. खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. एकीकडे काही रुपयांची रिंग, दुसरीकडे गिअरबॉक्स जमिनीवर. म्हणून पहिला नियम असा की ठिपक्यापासून सुरुवात करायची आणि ओल्या भागाचे सगळ्यात वरचे आणि सगळ्यात पुढचे टोक सापडेपर्यंत वर चढत जायचे. त्या टोकाच्या खाली जे काही ओले आहे, ते पुरावा म्हणून उपयोगाचे नाही.

दुरुस्तीनंतरची गळती मात्र साध्या गळतीहून एका बाबतीत वेगळी असते. वय झालेल्या इंजिनात कुठलेही सील दमलेले असू शकते. संशयितांची यादी लांब असते. पण काल कोरडे असलेले इंजिन आज गळते आणि मधल्या वेळात त्याला माणसाचा हात लागला आहे, तर यादी एकदम आखूड होते. जिथे हात लागला, तिथेच आधी पाहायचे. हे सांगायला सोपे वाटते, तरी जाणत्या माणसांच्याही हातून निसटते. ५ मे १९८३ रोजी अमेरिकेतल्या ईस्टर्न एअर लाइन्सचे लॉकहीड एल-१०११ जातीचे विमान १७२ जणांना घेऊन मायामीहून नासाउला निघाले. वाटेत एका इंजिनाचा ऑइल प्रेशर पडला, म्हणून ते बंद करून विमान मागे वळवले गेले. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचा प्रेशरही शून्याकडे जाऊ लागला. तिन्ही इंजिने एकाच वेळी नादुरुस्त होणे वैमानिकांना इतके अशक्य वाटले, की दोष इंजिनांत नसून काट्यांत असावा असा त्यांचा समज झाला. दोष काट्यांत नव्हता. आदल्या रात्रीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर, म्हणजे ऑइलमधला लोखंडी चुरा पकडणारे चुंबकी प्लग, बदलले गेले होते आणि ते रबरी ओ-रिंगशिवाय बसवले गेले होते. एरवी कामगारांच्या हाती रिंग घातलेलेच प्लग येत. त्या रात्री आलेल्या प्लगांवर त्या नव्हत्या आणि कुणी पाहिले नाही. दोन इंजिने बंद पडली, विमान काही मिनिटे एकाही इंजिनाशिवाय खाली उतरत राहिले. शेवटी आधी बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि विमान मायामीला सुखरूप उतरले. तीन इंजिने स्वतंत्रपणे बिघडणे जवळजवळ अशक्य होते. पण एकाच रात्री, एकाच पद्धतीने तिघांना हात लागला होता हे कळल्यावर त्यात अशक्य असे काहीच उरले नाही.

अंगणातल्या गाडीला हा न्याय तसाच्या तसा लागू होतो. ऑइल बदलल्यावर गळती लागली तर ड्रेन नट, त्याचा वॉशर आणि फिल्टर हे तीनच संशयित. ड्रेन नटाखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की त्याचे काम झालेले असते. तोच पुन्हा वापरला तर तो नीट बसेलच याची खात्री नसते. फिल्टरच्या बाबतीत ठरलेली गफलत अशी, की जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर आपल्या रिंगेसह तिच्यावर चढतो. दोन रिंगा एकमेकींवर बसतात, इंजिन मंद चालते तोवर कोरड्या दिसतात, आणि रेस दिली की प्रेशरखाली वरची सरकते आणि ऑइल पिचकारीसारखे बाहेर पडते. टॅपेट सेट केल्यावर गळती आली तर कव्हरचे पॅकिंग, त्याच्या खाचेत राहिलेला जुन्या सिलिकॉनचा तुकडा आणि बोल्टखालचे रबरी वॉशर पाहायचे. टायमिंग बेल्ट घातला असेल तर कॅम आणि क्रँकची पुढची सीलेही संशयाच्या यादीत येतात, कारण जुने सील काढताना त्याच्या घराला स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा पडणे काही कठीण नसते. म्हणून दुरुस्ती करतानाच कागदावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात: काय खोलले, काय नवे घातले, काय जुनेच परत लावले. आठवण सोयीची असते. जे जुनेच लावले तेच ती नेमके विसरते.

आता पुरावा गोळा कसा करायचा, याकडे येऊ. पहिली पायरी धुण्याची, आणि ती टाळली तर पुढचे सारे व्यर्थ. फिल्टर काढताना अर्धा कप ऑइल हमखास सांडते. ते क्रॉस मेंबरवर, इंजिन माउंटिंगच्या खोबणीत जाऊन बसते आणि पुढचे काही दिवस थेंबाथेंबाने पडत राहते. ही गळती नसतेच, पण दिसते अगदी गळतीसारखी. थंड इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल लावलेला ब्रश फिरवून, वायरिंग आणि अल्टरनेटर जपून, चिंधीने कोरडे पुसून घेतले की हा खोटा साक्षीदार बाद होतो. एक्झॉस्टजवळचे डिझेल पूर्ण वाळल्याखेरीज इंजिन सुरू करायचे नाही. पण धुण्याआधी एकदा नीट पाहून घ्यावे, कारण वऱ्हाडातल्या काळ्या मातीची धूळ स्वतःच एक नोंदवही आहे. जुन्या गळतीवर धूळ बसून बसून तिचा जाड, कोरडा थर होतो, तो खरवडावा लागतो. नव्या गळतीचा भाग ओला, चकचकीत असतो आणि बऱ्याचदा जुन्या थराला धुऊन त्यात स्वतःची वाट पाडतो. दुरुस्तीला आठवडा झाला असेल आणि एखाद्या जागी दोन पावसाळ्यांचा थर असेल, तर ती जागा या गुन्ह्यातली आरोपी नाही. तिचा विचार पुढे केव्हातरी करता येईल.

दुसरी पायरी काय गळते आहे हे ठरवण्याची. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून त्यावर चाकांची जागा खुणावून ठेवली, की सकाळी रंग आणि जागा दोन्ही मिळतात. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे. गिअर ऑइल त्याहून दाट आणि उग्र, गंधकासारख्या वासाचे. कूलंट हिरवे किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचे. ब्रेक ऑइल पातळ आणि फिकट. आणि एसीखालचे पाणी हे नुसते पाणी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखालचे दाट, उग्र वासाचे ऑइल इंजिनाचे समजून क्रँकच्या सीलवर पैसे घालणे ही टाळता येण्यासारखी गोष्ट आहे. तिसरी पायरी वेळेची. ड्रेन नट आणि इंजिनाच्या तळाचे ऑइलचे चेंबर हे उभ्या गाडीतल्या ऑइलच्या पातळीखाली असतात, त्यामुळे तिथली गळती इंजिन बंद असतानाही रात्रभर चालू राहते. टॅपेट कव्हर त्या पातळीच्या बरेच वर. तिथून ऑइल निघते ते इंजिन चालताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ. फिल्टरची रिंग आणि ऑइल प्रेशरचा स्विच या पंपाच्या दाबाखालच्या जागा. तिथली गळती रेस वाढवली की वाढते. म्हणजे ठिपका कुठे पडला यापेक्षा तो केव्हा पडला हे विचारले तर अर्धे इंजिन न खोलताच यादीतून वगळता येते. याउपर शंका राहिली तर धुऊन कोरड्या केलेल्या भागावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरायची. पांढऱ्यावर काळी वाट लगेच उमटते आणि तिचे वरचे टोक बोट दाखवल्यासारखे दिसते. ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील टॉर्च हे त्याचेच अधिक नेमके रूप; जिथे नजर पोहोचत नाही तिथे ते उपयोगी पडते. हे सगळे पाहायला गाडीखाली शिरायचे तर केवळ जॅकवर किंवा विटांवर विसंबायचे नाही. भक्कम स्टँड आणि चाकांना अटकाव हवाच.

चौथी पायरी परीक्षेच्या परिस्थितीची, आणि तिच्यासाठी पुन्हा त्या विमानाकडे वळावे लागते. प्लग बसवल्यावर कामगारांनी गळती तपासलीच नव्हती असे नाही. स्टार्टरवर इंजिने काही सेकंद फिरवून त्यांनी पाहिले होते आणि ती कोरडी दिसली होती. परीक्षा झाली, पण ज्या परिस्थितीत गळती व्हायची ती परिस्थिती परीक्षेत आली नाही. अंगणात पाच मिनिटे इंजिन चालवून कोरडे दिसले म्हणजे काम झाले, असे मानणे ही त्याचीच छोटी आवृत्ती. २०डब्ल्यू-४० प्रकारचे ऑइल ४० अंशांना जेवढे घट्ट असते, त्याच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याइतकेच १०० अंशांना उरते; थंडपणी ज्या फटीतून ते सरकतही नाही तिथून गरमपणी वाहते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणून ॲल्युमिनियमचे हेड आणि पत्र्याचे कव्हर यांच्या मधल्या पॅकिंगवरचा ताण गरम आणि थंड अवस्थेत सारखा नसतो. उलट कडक झालेले रबर थंडीत फट सोडते आणि तापल्यावर फुगून ती बुजवते. अशी गळती सकाळीच दिसते आणि दुपारी दाखवायला गेले की नाहीशी होते. इथल्या रस्त्यांनीही ही परीक्षा बदलली आहे. गावातल्या गल्लीबोळांत आणि बाजाराच्या गर्दीत इंजिन कधी फारसे फिरत नाही. पण ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून शेलूबाजारला वर चढले की तीच गाडी तासन्‌तास मोठ्या वेगात चालते. वीस वर्षांच्या इंजिनाने एवढी सलग धाव पूर्वी क्वचितच घेतलेली असते. दुरुस्तीनंतर महामार्गावर जायचे असेल तर आधी जवळच्या रस्त्यावर इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवून, बंद करून, पुन्हा पाहणे हा परीक्षेचाच भाग धरायला हवा.

गळतीची जागा सापडली म्हणजे कारण सापडले असेही नाही. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली, क्रँकच्या पोटात उतरतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी आणि तिच्यातली झडप असते. ही वाट चिकट गाळाने बुजली की आतला दाब वाढतो आणि तो सगळ्यात दुबळ्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. ते सील बदलले की दाब दुसरे सील शोधतो. नवी सीले घालूनही दर काही महिन्यांनी नव्या जागी गळणाऱ्या इंजिनाची कहाणी बहुधा हीच असते. ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहायला पैसे लागत नाहीत, तरी बाजारातून सील आणण्याआधी ती पाहणारे थोडे. तसेच ऑइल बदलताना जुने पूर्ण निथळू न देता पुस्तकातले माप ओतले, तर पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते; क्रँक ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि जे सील बिचारे ठीक होते त्याच्यावरही ताण येतो. म्हणून गळती पाहण्याआधी डिपस्टिक पाहायची: कमी आहे का याबरोबरच जास्त तर नाही ना, यासाठीही.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा, आणि तो हलका नाही. ज्याने शेकडो इंजिने खोलली त्याला एका नजरेत कळते. एका जातीच्या गाड्या एकाच जागी गळतात, मग एवढी धुणी-पुसणी कशाला? हे खरे आहे, आणि नेहमीच्या, वयाने आलेल्या गळतीत त्या नजरेवर विश्वास ठेवावा. पण ती नजर म्हणजे अनेक गाड्यांची सरासरी. घरी केलेल्या दुरुस्तीनंतर ती सरासरी लागू होत नाही, कारण या एका गाडीला नेमके काय झाले हे तिला ठाऊक नसते. या गाडीत काल कोणता वॉशर जुनाच राहिला हे फक्त घरी काम करणाऱ्याला माहीत असते. म्हणून चांगल्या मिस्त्रीकडे गाडी न्यायची तरी ती दोन ओळींची चिठ्ठी घेऊन न्यावी. अनुभव आणि पुरावा हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. पुरावा हाती असला की अनुभव भलत्या गाडीचे निदान या गाडीला चिकटवत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: आवळून पाहायला काय जाते? बरेच काही जाते. टॅपेट कव्हरचे बोल्ट बहुतेक लहान इंजिनांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोरावर आवळायचे असतात. लांब दांड्याचा पाना लावून त्यांना आणखी फिरवले की रबर बाहेर ढकलले जाते, पत्र्याचे कव्हर बोल्टाशी खाली वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलले जाते. गळती मग नेमक्या त्या मधल्या जागेतून होते. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर ड्रेन नटाचे आटे गेले म्हणजे काही रुपयांच्या वॉशरचे काम आटे पाडण्याच्या कामावर जाते. सिलिकॉनचे तसेच. ज्या सांध्याला ते कंपनीने सांगितले आहे तिथे, तेल पुसलेल्या कोरड्या पृष्ठभागावर, बारीक रेघेने ते उत्तम काम करते. बाहेरून थापलेले सिलिकॉन ओल्या जागेवर धरत नाही, आणि आतून जास्त झालेले सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकते, तेव्हा ऑइल पंपाची उपासमार होते. पण या सगळ्यांहून मोठे नुकसान वेगळेच. एकाच वेळी तीन नट आवळले, एक सील बदलले आणि वरून सिलिकॉन फासले, आणि गळती थांबली, तरी कशाने थांबली ते कळत नाही. नाही थांबली तर काय काय निर्दोष होते तेही कळत नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग पाहायचे, हा नियम आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गापासून विमान अपघाताच्या चौकशीपर्यंत एकच आहे.

तिसरा आक्षेप समजूतदार माणसाचा: जुनी गाडी आहे, थोडी गळणारच, ऑइल टाकत राहू. या समजुतीला इथे इतिहास आहे. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढे अशी इंजिने विहिरीविहिरींवर बसली. शेताच्या मातीत पडलेले थेंब कोण मोजणार? लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट तर गळायची म्हणूनच ओळखली जायची. आणि हिशेब केला तर आक्षेपात तथ्यही दिसते. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब, म्हणजे एक लिटर व्हायला २०,००० थेंब पडावे लागतात. रात्री १० थेंब पडत असतील तर महिन्याला होतात १५ मिलिलिटर. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका, असे मीही म्हणेन. पण हा निर्णय ती गळती कुठली हे कळल्यावरच घेता येतो. दहा थेंब चेंबरच्या पॅकिंगचे असले तर निवांत राहा. तेच दहा थेंब प्रेशरच्या स्विचमधून येत असतील तर तो फुटल्यावर काही मिनिटांत इंजिन कोरडे पडू शकते. टॅपेट कव्हरमधून तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असतील तर आधी जळका वास येतो, मग धूर, आणि कधी आग. शिवाय फरशीवरचे थेंब आणि डिपस्टिकवरची घट यांचा मेळ बसला पाहिजे. हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर कमी होते आणि खाली डाग मात्र दोन, तर बाकीचे ऑइल धावताना उडते आहे किंवा सिलिंडरमध्ये जळते आहे, आणि त्याला खालून कितीही सीले बदलली तरी उपाय नाही. माहीत असलेल्या गळतीबरोबर वर्षानुवर्षे राहता येते. न शोधलेल्या गळतीबरोबर राहणे हा जुगार आहे. जाड ऑइल घालणे किंवा गळती थांबवणारे औषध ओतणे हे याच जुगाराचे प्रकार. रबर मऊ करणारी औषधे कडक झालेल्या सीलला काही काळ जीव आणतात, पण न बसवलेली रिंग किंवा वाकलेले कव्हर बाटलीतून दुरुस्त होत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: एवढा वेळ कुणाकडे असतो? आणि इथेच घरच्या दुरुस्तीची खरी ताकद दिसते. गॅरेजमध्ये गाडीने अडवलेली जागा म्हणजे पैसा. गिऱ्हाईक सामानाचे पैसे देते, बसवण्याची मजुरी देते, पण चार तास पाहत बसण्याची मजुरी कुणी देत नाही. ‘नुसते पाहायचे काय पैसे?’ हा प्रश्न आपणच विचारतो. मग मिस्त्रीपुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अंदाजाने भाग बदलणे, कारण बदललेल्या भागाचे पैसे मिळतात. न लागणारे सील बदलले जाण्यात मिस्त्रीच्या लबाडीपेक्षा आपल्या हिशेबाच्या पद्धतीचा हात मोठा आहे. घरी काम करणाऱ्याकडे टॉर्क पाना नसेल, पिट नसेल, लिफ्ट नसेल. पण रात्र त्याच्या मालकीची असते. पुठ्ठा पसरून सकाळपर्यंत थांबणे, इंजिन धुऊन दोन दिवस चालवणे, थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा पाहणे ही शोधातली सगळ्यात महत्त्वाची साधने वेळेची आहेत आणि ती त्याला फुकट मिळतात. घरच्या दुरुस्तीत एवढा एक फायदा गॅरेजवर मात करणारा असताना, तोच घाईने गमावणे शहाणपणाचे नाही.

या कामातून निघालेले काळे ऑइल आणि इंजिन धुतलेले डिझेल नालीत सोडू नये, हेही याच शिस्तीत बसते. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन पुन्हा वापरात यावे याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. सेंटरिंगच्या पाट्यांना फासायला ते मागून नेणारे आपल्याकडे पुष्कळ असतात. त्यापेक्षा झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ऑइल परत घेणाऱ्याकडे द्यावे. आणि एक विनंती गाडीवाल्यांना. गाडी घरी खोलत असाल तर काय खोलले ते लिहून ठेवा, धुवा, थांबा, पाहा, आणि मगच पाना उचला. गॅरेजमध्ये नेत असाल तर मिस्त्रीला आधीच सांगा, की गळती नेमकी कुठून आहे ते शोधून दाखवा, काही बदलावे लागले नाही तरी त्या शोधाची मजुरी मी देईन. ती मजुरी न लागणाऱ्या सीलच्या कामापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.